तांबड्याची भूक

आमच्या घरी एक गावठी कोंबडा आहे. त्याचे नाव तांबड्या, आणि त्याला आता सहावे वर्ष चालू आहे. गणपती गेल्यानंतरच्या दिवसांत त्याचे खाणे कमी झाले आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्याच, त्यातही माझ्या, जिवाला घोर लागून राहिला आहे. ज्यांनी एखादा कोंबडा केवळ मायेपोटी सांभाळला आहे त्यांना अशा वेळी विचारायला माणूस सापडत नाही. गायीम्हशींच्या, कुत्र्यामांजरांच्या आजारांविषयी चार ठिकाणी माहिती मिळते. व्यवसायासाठी पाळलेल्या हजार पक्ष्यांविषयीही मिळते. एकटा, वयस्क, घरचा कोंबडा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून या काळात जे पाहिले, जे डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे हाताला कळले, ते सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. पाच-सहा वर्षांपूर्वी सासूबाईंनी एक कोंबडी रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसवली होती. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली, पण घार आणि मुंगूस यांच्या तावडीतून शेवटी हे एकच वाचले. ते थंडीने काकडलेले असताना माझ्या मुलीने स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ठेवून वाढवले, आणि तेव्हापासून तो अंगणातला कमी आणि घरातला जास्त झाला. आमच्याकडे दरवर्षी राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा देण्याची रीत आहे; परंतु तांबड्याचे नाव त्यासाठी कधी निघाले नाही, कारण सासूबाईंनी पहिल्याच वर्षी, हा सोडून दुसरा बघायचा, असे स्पष्ट सांगून टाकले होते. आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशीही त्याच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही.

त्याच्या भुकेविषयी पहिली शंका त्याच्या आरवण्यावरून आली. तांबड्या पहाटे, अजून पूर्ण काळोख असताना, पहिली बांग देतो. कोंबडा उजेड पाहून आरवतो असा आपला समज असतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठरावीक वेळी, पहाटेच्या आधी आरवतात, म्हणजे हे घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. त्यामुळे आभाळ भरलेले असो वा नसो, धडधाकट कोंबड्याची पहिली बांग सहसा चुकत नाही. तांबड्याची बांग आधी उशिरा येऊ लागली, मग आखूड झाली, आणि मग एखाद्या पहाटे आलीच नाही. त्यानंतर मी त्याच्या खाण्याकडे लक्ष देऊ लागले.

इथे एक अडचण आहे, आणि कोंबडा पाळणाऱ्या प्रत्येकाने ती नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. कोंबडी खाते की नाही हे पाहून कळते. कोंबड्याचे तसे नसते. अंगणात भाताच्या कण्या टाकल्या की तांबड्या सर्वांत आधी धावतो, मान खाली घालून दाणा चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि हे करताना घशातून एक जलद, तुटक आवाज काढत राहतो. तो आवाज ऐकून कोंबड्या गोळा होतात आणि त्याने टाकलेला दाणा खातात. निसर्गाने कोंबड्याला दिलेली ही रीतच आहे. अन्न सापडल्याची वर्दी देणारा आणि स्वतःचा घास पुढे करणारा कोंबडा कोंबड्यांना अधिक पसंत पडतो. म्हणजे दुरून पाहणाऱ्याला तो दहा मिनिटे एकसारखा टिपताना दिसतो आणि प्रत्यक्षात त्याच्या पोटात चार दाणेसुद्धा गेलेले नसतात. आमच्याकडे नेमके हेच चालले होते. घरातल्या सगळ्यांचे म्हणणे, तो तर खातोच आहे. आणि माझ्या मनातली शंका काही केल्या जात नव्हती.

या शंकेचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही, हाताने मिळते. पक्षी खाल्लेला दाणा आधी मानेच्या बुडाशी, छातीच्या थोड्या उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठवतो आणि तिथून तो हळूहळू पुढे सरकतो. दिवसभर चरलेल्या कोंबड्याची ही पिशवी तिन्हीसांजेला, खुराड्यात शिरण्याच्या वेळी, टम्म भरलेली असते आणि पहाटेपर्यंत रिकामी होते. तांबड्या माणसाळलेला असल्याने त्याला मांडीवर घेता येते. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी त्याला पडवीत घेऊन बसले आणि पिसांच्या आतून बोटे घातली. निरोगी कोंबड्याच्या पिशवीत दाणे एकमेकांवर घासल्याचे बोटांना जाणवते, आणि ती लिंबापेक्षा मोठी, घट्ट पण दाबली जाणारी असते. तांबड्याच्या पिशवीत हाताला लागले ते थोडेसे, सुपारीएवढे, आणि बाकी सैल कातडी. त्याच रात्री त्याच्याबरोबरच्या कोंबडीची पिशवी चाचपून पाहिली तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की मला झोप लागली नाही.

मात्र एक गोष्ट तिथेच पडताळून पाहावी लागते, ती म्हणजे सकाळची पिशवी. काही वेळा कोंबडा खातो, पण लांब गवत, सुतळीचा तुकडा किंवा प्लास्टिक गिळल्यामुळे पिशवीचे तोंड बुजते आणि अन्न पुढे सरकतच नाही. मग भूकही मरते. अशा वेळी सकाळी दाणे टाकण्यापूर्वीच पिशवी दगडासारखी कडक लागते. कधी ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ असते आणि चोचीला आंबूस वास येतो. ते आतमध्ये बुरशी वाढल्याचे चिन्ह समजतात. तांबड्याची पिशवी सकाळी पूर्ण रिकामी होती. अन्न पुढे जात होते, फक्त आत फारसे येत नव्हते.

दुसरी खूण छातीच्या हाडाची. पिसांमुळे कोंबड्याचे रोडावणे दिसत नाही. अर्धे अंग उतरले तरी पिसांचा डौल तसाच राहतो. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवले की दोन्ही बाजूंचे मांस भरलेले आहे की खाली बसले आहे हे लगेच कळते. तांबड्याचे हाड होडीच्या कण्यासारखे धारदार लागत होते. मुलीने जेठात, शाळेच्या प्रकल्पासाठी, घरच्या सगळ्या कोंबड्यांची वजने ताणकाट्यावर करून वहीत लिहून ठेवली होती. तेव्हा तांबड्या 2 किलो 600 ग्रॅम होता. आता त्याच ताणकाट्यावर, त्याच कापडी पिशवीत बसवून वजन केले तर काटा 2 किलो 50 ग्रॅमवर थांबला. जवळजवळ पाचवा हिस्सा वजन गेले होते, आणि तेही रोज नजरेसमोर असताना.

पक्षी आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो आणि कळपातला मानही गमावतो. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत तो ताठ उभा राहतो. पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेला कोंबडा आपल्याला दिसतो तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. तांबड्या अजून त्या अवस्थेला पोहोचला नव्हता, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब होती. त्याचा तुरा मात्र फिकट झाला होता. नेहमी जास्वंदासारखा लाल असणारा तो तुरा गुलाबीसर आणि थोडा आक्रसल्यासारखा दिसत होता.

आमच्याकडे कोंबडा खात नाही म्हटले की पहिला शब्द निघतो तो मानमोडीचा. हा विषाणूजन्य रोग 1926 च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेला, आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे राणीखेत येथे आढळला. म्हणून दवाखान्यात त्याला राणीखेत म्हणतात. त्यात हिरवट पातळ हगवण, धाप, पाय-पंख लुळे पडणे आणि मान पिळवटणे अशी लक्षणे दिसतात, आणि लस न दिलेली सगळी खुराडी काही दिवसांत मोकळी होतात. तांबड्याला पिल्लू असताना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस दिलेली होती, घरातल्या बाकीच्या कोंबड्या ठणठणीत होत्या, आणि त्याचे खाणे एकदम न थांबता हळूहळू कमी झाले होते. त्यामुळे ही भीती मी मनातून काढून टाकू शकले.

दुसरी भीती बर्ड फ्लूची, आणि ती शेजाऱ्यांच्या मनात अधिक होती. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला उद्रेक झाला तेव्हाच्या बातम्या लोक अजून विसरलेले नाहीत. 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात आणि पुन्हा नवापुरात, आणि 2025 च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मेले तेव्हाही त्याच धास्तीची उजळणी झाली. याविषयी एवढेच सांगते की एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. नमुने पुण्याच्या औंध येथील प्रयोगशाळेमार्फत भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेकडे जातात आणि निदान तिथे होते. एकाच कोंबड्याची भूक काही आठवड्यांत मंदावणे हे त्या रोगाचे वागणे नाही. हे समजावून सांगितल्यावर शेजारच्या मुलांनी आमच्या अंगणात येणे पुन्हा सुरू केले.

गावातला सल्ला कोणता मिळाला असेल हे सांगायला नको. शेजारचे काका वयाने मोठे, मनाने चांगले, अडीअडचणीला पहिले धावून येणारे. ते म्हणाले, "कोंब्याचा येवढा काय घेवन बसलंस गो? जून झालो तो. तेका ठेवन काय करतलंस?" मी काही बोलण्याआधीच सासूबाई आतून म्हणाल्या, "तो घरचो आसा. तेच्याबद्दल परत असा बोलू नका." काकांना त्याचे वाईट वाटले नाही, दुसऱ्याच दिवशी त्यांनी बांधावरच्या वारुळातली वाळवी करवंटीत भरून तांबड्यासाठी आणून दिली. त्या दिवशी तांबड्याने, कोंबड्यांना न बोलावता, स्वतः वाळवी खाल्ली. भुकेचा पूर्ण अंत झालेला नाही हे मला त्या क्षणी कळले, आणि मी काकांचे मनापासून आभार मानले.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी विष्ठा पाहून ठेवावी, असे मी कुठेतरी वाचले होते, आणि ते फार उपयोगी पडले. खुराड्यातल्या त्याच्या नेहमीच्या दांडीखाली रात्री जुने वर्तमानपत्र पसरले. सकाळी त्यावर जे होते ते नीट पाहिले. निरोगी कोंबड्याची विष्ठा करडी किंवा तपकिरी, घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली असते. ती पांढरी टोपी म्हणजे त्याची लघवी. दिवसातून काही वेळा चिकट, चॉकलेटी रंगाची आणि उग्र वासाची विष्ठाही होते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि अगदी स्वाभाविक आहे. रक्त दिसले तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. आणि गडद हिरवी, पातळ, थोडीशीच विष्ठा दिसली तर पोटात अन्न नसताना नुसते पित्त उतरते आहे, असा तिचा अर्थ असू शकतो. वर्तमानपत्रावर पातळ हिरवट डाग होते, आणि त्यातल्या एका डागात दोन-अडीच इंचाचा, दोऱ्यासारखा, पांढुरका जंत होता. तो मी पानासकट प्लास्टिकच्या डबीत ठेवला.

तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही त्याला बांबूच्या डालग्यात, वरून ओले फडके घालून नेले. ज्यांना नेणे शक्य नसेल त्यांच्यासाठी 1962 हा फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे, तो जवळ असू द्यावा. डॉक्टर तरुण होते. मी खाण्याचे वर्णन सुरू केल्यावर ते म्हणाले, "ताई, खातो की नाही यापेक्षा वजन किती होते आणि आज किती आहे ते सांगा." मुलीची वही पुढे केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आधी चोच उघडून बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. देवीच्या रोगाचे एक रूप घशात पिवळसर पांढरे पापुद्रे धरते आणि त्या वेदनेने पक्षी घास गिळत नाही. पावसाळ्यात डास वाढले की देवी पसरते, म्हणून हे पाहणे गरजेचे होते. घसा स्वच्छ निघाला. पंखांखालची आणि गुदद्वाराजवळची पिसे उलटून त्यांनी उवा शोधल्या, पायांचे तळवे पाहिले, छातीला नळी लावून श्वास ऐकला. डबीतला जंत पाहून आणि विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी निदान सांगितले: गोल जंतांचा भार फार झाला आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अंगण चार महिने वाळत नाही. जंतांची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात, उबदार ओलाव्यात साधारण दोन आठवड्यांत रोग पसरवण्याजोगी होतात आणि ओल टिकून राहिली तर महिनोन् महिने तशीच राहतात. गांडुळांच्या पोटातही ती जातात, आणि पावसाळ्यात कोंबड्यांचे गांडुळांवर किती प्रेम असते ते सर्वांना ठाऊक आहे. आतड्यात जंत वाढले की अन्नाचे सत्त्व ते खातात, आतड्याला सूज येते, तुरा फिका पडतो आणि भूक मरते. कोंबड्या तरुण असल्याने त्यांनी ते सोसले. तांबड्याला वयामुळे सोसवले नाही, असे डॉक्टरांचे मत पडले.

औषध वजनावर ठरते, त्यामुळे त्याची मात्रा मी इथे मुद्दामच लिहीत नाही; ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. पायपरॅझीन हे जुने औषध मोठ्या गोल जंतांवर चालते, आणि अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल यांचा आवाका अधिक असतो. आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या पहिल्या मात्रेतून वाचू शकतात, म्हणून दुसरी मात्रा ठरल्या दिवशी चुकवायची नाही हे डॉक्टरांनी पुनःपुन्हा बजावले. घरातल्या सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी औषध दिले. खुराड्यातला जुना कोंडा काढून जाळला, जमीन खरवडून चुन्याची भुकटी मारली आणि वर सुके भाताचे तूस पसरले.

औषधानंतरचे दिवस अधिक कठीण होते. जंत पडले, परंतु भूक लगेच परतली नाही. या काळात त्याला काय आणि कसे खाऊ घालावे याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कोंबड्याला चवीचे ज्ञान आपल्या तुलनेत फार थोडे असते. तो दाण्याचा आकार, रंग, चकाकी आणि चोचीला होणारा स्पर्श यांवरून घास निवडतो. म्हणून मसाले किंवा गूळ घालून अन्न रुचकर करण्याचा उपयोग नव्हता. त्याने ज्याला चोच लावली ते असे: उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा, ओल्या खोबऱ्याचा कीस, भिजवलेली नाचणी, आणि कण्यांची घट्ट पेज कोमट असताना. सुकटीला तो आधी भुलायचा, पण मीठ असल्याने ती धुऊन, अगदी चिमूटभरच दिली. बाजारातल्या खाद्याची पिशवी उघडून नाकाला लावून पाहिली. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरते, तिच्यातले विष यकृतावर जाते आणि त्यानेही भूक मंदावते. आमची पिशवी कोरडी होती, तरी ती आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हलवली.

पाण्याकडे लोक फार कमी लक्ष देतात. कोंबडा खातो त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचे पाणी पितो, आणि पाणी कमी झाले की खाणे आपोआप कमी होते. तांबड्याची वाटी आम्ही दिवसातून अनेकदा बदलत होतो. तो फारच मरगळला तेव्हा चोचीच्या टोकाच्या बाजूला एकेक थेंब लावला, तो त्याने स्वतः ओढून घ्यावा म्हणून. कोंबड्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. तोंड उघडून आत पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. घरोघरी माया म्हणून हेच केले जाते आणि त्यात पक्षी दगावतात, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

आजारी पक्षी वेगळा ठेवावा हे खरे, परंतु कोंबडा एकटा जेवत नाही. दुसऱ्याच्या चोचीचा टकटक आवाज आणि हालचाल पाहून त्याची भूक चाळवते. तांबड्याला पहिल्या दिवशी मागल्या खोलीत ठेवले तर त्याने दिवसभर वाटीकडे पाहिलेही नाही. शेवटी पडवीत मधोमध जाळी लावली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची आवडती काळी कोंबडी, आणि दोघांच्या वाट्या जाळीला लागून. तिने खायला सुरुवात केली की तो चोच मारायचा. जाळीमुळे आपला घास तिला देता येत नव्हता, म्हणून उचललेला दाणा शेवटी त्याच्याच पोटात जात होता. पुष्कळदा तो चोचीत दाणा धरून जाळीपाशी उभा राहायचा, तो आवाज काढायचा, वाट पाहायचा, आणि मग गिळायचा. ते पाहताना मला त्याच्याविषयी जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

हळूहळू संध्याकाळची पिशवी भरू लागली. सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. विष्ठा घट्ट झाली, पांढरी टोपी दिसू लागली. वजन शंभर ग्रॅमने वाढले, मग त्यात आणखी थोडी भर पडली. आणि आता सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच, दसऱ्याच्या सुमारास, त्याची भूक पुन्हा कमी झाली आणि अंगणभर तांबडी पिसे दिसू लागली.

या खेपेचे कारण वेगळे होते. दिवस लहान होऊ लागले की कोंबडे जुनी पिसे गाळतात आणि नवी धरतात. आधी मानेची, मग पाठीची आणि छातीची, पंखांची आणि शेपटीची अशी पिसे जातात. पिसाचा पाऊण हिस्स्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, त्यामुळे सगळे अंग नव्याने झाकायचे म्हणजे शरीरावर मोठाच भार असतो. या काळात कोंबडा मलूल राहतो, तुरा आक्रसतो, आरवणे कमी होते, आणि अंगाला हात लावू देत नाही, कारण नव्याने फुटणाऱ्या पिसांच्या देठांत रक्त असते आणि ती दुखतात. आजाराचीच ही सगळी लक्षणे वाटतात, आणि मीही पुन्हा डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी विचारले, विष्ठा कशी आहे, हाड कसे लागते, श्वास कसा आहे. तिन्हींची उत्तरे समाधानकारक होती. त्यांनी अंड्याचे प्रमाण वाढवायला, त्याला उगाच न उचलायला आणि सकाळचे कोवळे ऊन द्यायला सांगितले.

तरीही मी पूर्ण निश्चिंत नाही. गावठी कोंबडा नीट सांभाळला तर पाच-आठ वर्षे जगतो, त्याहून अधिक जगलेलेही असतात. तांबड्याचे वय त्या हिशेबात उतरतीचे आहे आणि या वयात भूक थोडी कमी होणे स्वाभाविक असू शकते, हे मला कळते. किती कमी होणे वयाचे आणि किती आजाराचे, हे ठरवण्याचा माझ्याकडे एकच मार्ग आहे, तो म्हणजे रविवारी सकाळी दाणे टाकण्यापूर्वी ताणकाट्यावर वजन करणे आणि ते वहीत लिहिणे. मुलगी ते काम मनापासून करते. तिने वजनाशेजारी तुऱ्याचा रंग आणि पहिली बांग कोणत्या वेळी झाली हेही लिहायला सुरुवात केली आहे.

गेल्या रविवारी तो 2 किलो 280 ग्रॅम भरला. मानेवर नवी पिसे आली आहेत, त्यांना जुन्यापेक्षा गडद झाक आहे; शेपटीची अजून यायची आहेत. जाळी काढली आहे, त्यामुळे तो पुन्हा आपला घास कोंबड्यांना देऊ लागला आहे, आणि म्हणून त्याची अंड्याची वाटी मी संध्याकाळी, त्या सगळ्या खुराड्यात गेल्यावर, पडवीत माझ्यासमोर ठेवते. ती तो संपवतो. जंतांची तपासणी मार्गशीर्षात पुन्हा करायची आहे; डबी धुऊन तयार ठेवली आहे. सहा-सात वर्षांपुढचा कोंबडा ज्यांनी कोकणातल्या ओलीत सांभाळला आहे, त्यांनी थंडीत त्याला रात्री ऊब कशी दिली आणि पिसे पुरी येईपर्यंत काय खाऊ घातले, हे मला अवश्य कळवावे.